‘आधी काम, मग तक्रार’ या नियमाला असलेला अपवाद

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात गोदामात किंवा कारखान्यात कामाला लागणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी तिथला सूचनाफलक नीट वाचून घ्यावा, असे मी इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगते. त्या फलकावर प्रांताच्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा कायद्याची प्रत लावलेली असते आणि संयुक्त सुरक्षा समितीच्या सदस्यांची नावेही तिथेच असतात. या दोन्ही गोष्टी कामगारांना उपलब्ध करून देणे मालकावर बंधनकारक आहे. ज्या ठिकाणी नियमितपणे वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतात तिथे अशी समिती असावीच लागते, तिचे किमान निम्मे सदस्य व्यवस्थापनाबाहेरचे कामगार असतात आणि युनियन असेल तर त्या कामगार सदस्यांची निवड युनियन करते.

आमच्या गोदामात अलीकडेच रुजू झालेल्या एका मराठी मुलाने मला विचारले, “ताई, धोक्याची तक्रार केली तर पुढच्या आठवड्यापासून माझ्या शिफ्ट कमी करतील का?” घर सोडून दूर आलेल्या, डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाच्या मनात हीच शंका आधी येणार, आणि ती रास्तच आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी युनियनच्या कामाच्या ठिकाणचा एक मूलभूत नियम समजून घ्यावा लागतो.

तो नियम म्हणजे ‘आधी काम, मग तक्रार’. सुपरवायझरने दिलेला आदेश युनियन आणि मालक यांच्यातील कराराच्या विरुद्ध आहे असे कामगाराला वाटले, तरी त्याने तो पाळायचा आणि नंतर युनियनमार्फत रीतसर तक्रार दाखल करायची, हे तत्त्व इथल्या लवादांनी वर्षानुवर्षे उचलून धरले आहे. त्यामागचा विचार असा की, जादा कामाची पाळी चुकीच्या माणसाला दिली गेली किंवा ज्येष्ठता डावलली गेली, तर लवाद काही महिन्यांनी का होईना, बुडालेली मजुरी भरून देऊ शकतो. तुटलेले बोट किंवा निकामी झालेली फुप्फुसे मात्र कोणताही लवाद परत देऊ शकत नाही. म्हणूनच सुरक्षितता हा या नियमाला मान्य झालेला अपवाद आहे. धोकादायक काम आधी थांबवता येते. माझ्या मते इथल्या कामगार कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच नवख्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही.

हा हक्क कोणी आपणहून दिलेला नाही. १७ मार्च १९६० रोजी टोरोंटोतील हॉग्ज हॉलो येथे जलवाहिनीच्या बोगद्यात आग लागून पाच इटालियन स्थलांतरित मजूर मरण पावले, आणि मजुरांच्या सुरक्षेकडे किती दुर्लक्ष होत होते हे त्या मृत्यूंनी शहराला दाखवले. पुढे १९७४ मध्ये एलियट लेक येथील युरेनियमच्या खाणकामगारांनी सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रश्नावर संप केला. त्यानंतर जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ मध्ये आजचा कायदा अमलात आला. धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षेच्या निर्णयांत सहभागी होण्याचा आणि असुरक्षित काम नाकारण्याचा असे तीन हक्क या कायद्याने दिले. भारतात भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम ४१ एच घालून धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांतील कामगारांना नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला गेला होता. सूचना देण्याचा हक्क आणि काम थांबवण्याचा हक्क यांत किती अंतर आहे, हे मला इथे आल्यावर कळले.

गेल्या हिवाळ्यातील एक प्रसंग सांगते. थंडीमुळे मालवाहू ट्रेलरसाठीचे सगळे दरवाजे बंद ठेवलेले असत आणि प्रोपेन वायूवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणाऱ्या गाड्या, दिवसभर आत फिरत. ट्रेलरमध्ये माल भरणाऱ्या आमच्या एका वयस्कर सहकाऱ्याला रोज दुपारनंतर डोकेदुखी आणि मळमळ होऊ लागली. घरी गेल्यावर त्रास कमी व्हायचा आणि सुट्टीच्या दिवशी मुळीच नसायचा. कुणी म्हणाले फ्लू असेल, कुणी म्हणाले झोप पुरत नसेल. कामावर वाढणारा आणि कामापासून दूर गेल्यावर ओसरणारा त्रास ही इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची ओळखीची खूण आहे, हे समितीतील कामगार सदस्याने ओळखले.

युनियनच्या प्रतिनिधीने त्या सहकाऱ्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. “मला बरे वाटत नाही” असे म्हटले तर ती आजारपणाची रजा ठरते आणि धोका जिथल्या तिथे राहतो. “हे काम माझ्या प्रकृतीला धोकादायक आहे असे मानण्यास मला कारण आहे, म्हणून मी ते नाकारत आहे,” असे सुपरवायझरला स्पष्ट शब्दांत सांगितले की कायद्याची प्रक्रिया सुरू होते. सहकाऱ्याने तसेच सांगितले आणि तो जवळच्याच सुरक्षित जागी थांबला. या पहिल्या टप्प्यात कामगार कामावरच आहे असे धरले जाते आणि त्याची मजुरी कापता येत नाही. सुपरवायझरने तत्काळ चौकशी करायची असते, आणि तीही त्या कामगाराच्या व समितीच्या कामगार सदस्याच्या उपस्थितीत.

सुपरवायझर मापकयंत्र घेऊन आला आणि त्याने ऑफिसजवळच्या मोकळ्या जागेत हवेतील त्या वायूचे प्रमाण मोजले. आकडा अगदी कमी आला. तेव्हा समितीच्या सदस्याने, जी अनेक वर्षे इथे काम करणारी अतिशय शांत स्वभावाची बाई आहे, एवढेच म्हटले की मोजणी जिथे माणूस उभा राहतो तिथे, म्हणजे ट्रेलरच्या आत, फोर्कलिफ्ट चालू ठेवून आणि त्याच्या तोंडाच्या उंचीवर व्हायला हवी. तशी मोजणी झाली. दिवसभराच्या सरासरीसाठी इथली मर्यादा २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २५ भाग, एवढी आहे, आणि यंत्रावरचा आकडा तिच्या कितीतरी वर जाऊन थांबला. त्यानंतर वाद उरलाच नाही. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटलेला आढळला, एका फोर्कलिफ्टच्या इंजिनातील इंधनाचे मिश्रण बिघडलेले निघाले. त्या गाडीवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून ती बाजूला काढली गेली आणि पट्टा बसेपर्यंत दरवाजे उघडे ठेवून, अधूनमधून विश्रांती देत काम झाले.

पहिल्या टप्प्यात समाधान झाले नाही आणि धोका कायम आहे असे मानण्यास कामगाराकडे वाजवी कारण असेल, तर तो नकार चालू ठेवू शकतो. मग प्रांताच्या कामगार मंत्रालयाच्या निरीक्षकाला कळवावे लागते आणि तो लेखी निर्णय देतो. दरम्यान तेच काम दुसऱ्या कुणाला द्यायचे असेल, तर आधीच्या कामगाराने ते नाकारले आहे आणि का नाकारले आहे, हे त्याला समितीच्या कामगार सदस्यासमोर सांगणे बंधनकारक आहे. मला हे कलम फार महत्त्वाचे वाटते, कारण नकार देणाऱ्याच्या जागी सहसा ज्याला काहीच माहीत नाही असाच नवा माणूस उभा केला जातो. पोलीस, अग्निशमन दल, तुरुंग कर्मचारी आणि रुग्णालयातील कर्मचारी यांच्यासाठी मात्र हा हक्क मर्यादित आहे. जो धोका त्या कामाचाच स्वाभाविक भाग आहे किंवा नकारामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल, तिथे त्यांना काम नाकारता येत नाही.

आता त्या मुलाच्या शंकेविषयी. सुरक्षेचा हक्क वापरला म्हणून कामावरून काढणे, शिफ्ट कमी करणे किंवा धमकावणे कायद्याने निषिद्ध आहे. तसे झालेच तर युनियनच्या कामगारापुढे दोन मार्ग असतात: करारानुसार तक्रार करून लवादाकडे जाणे किंवा प्रांताच्या कामगार संबंध मंडळाकडे अर्ज करणे. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येत नाहीत, म्हणून निवड करण्यापूर्वी युनियनशी बोलणे आवश्यक असते. मंडळापुढे आपण सूड उगवला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरीही, कोण केव्हा काय म्हणाले याची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेव, असे मी त्याला सांगितले. धोका तातडीचा असेल तर केवळ कराराखालची तक्रार लिहून थांबू नकोस, हेही सांगितले, कारण ती पायरीपायरीने वर जाते आणि तोवर माणूस त्याच हवेत श्वास घेत राहतो.

त्या दिवशी पंखा दुरुस्त झाला असला तरी समितीच्या कामगार सदस्यांनी विषय तिथे सोडला नाही. समितीने व्यवस्थापनाला तीन लेखी शिफारशी केल्या: प्रत्येक प्रोपेन फोर्कलिफ्टच्या धुराची ठरावीक काळाने तपासणी, ट्रेलरच्या दरवाजांजवळ कायमस्वरूपी इशारा देणारी यंत्रे, आणि टप्प्याटप्प्याने विजेवरच्या फोर्कलिफ्ट. अशा शिफारशींना मालकाने २१ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे लागते, मान्य बाबींचे वेळापत्रक द्यावे लागते आणि अमान्य बाबींची कारणे सांगावी लागतात. पहिल्या दोन शिफारशी तारखांसह मान्य झाल्या, तिसरी खर्चाचे कारण देऊन नाकारली गेली. युनियनने ती आता पुढच्या कराराच्या मागण्यांत घातली आहे, आणि समितीच्या मासिक पाहणीत ट्रेलरच्या आत केलेल्या प्रत्येक मोजणीचा आकडा त्या मागणीच्या फाइलला जोडला जात आहे.