सायकलवरचा पाटोडी-रस्सा

खानावळीत जेवून हात धुताना कुणी ना कुणी विचारतंच, कापसाच्या जिनिंगवरच्या कामगारांचे डबे सायकलवर जातात, तर रस्सा सांडत कसा नाही? आणि पाटोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, लगदा कसा होत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. सायकल सावकाश चालवणं हा त्यातला लहान भाग. बरंचसं काम चुलीवरच ठरतं.

आधी पाटोडी. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हळद, तिखट टाकून पाणी ओतायचं, मीठ घालायचं. उकळी आली की आच मंद करून एका हातानं बेसन सोडायचं, दुसऱ्या हातानं सराटा चालवायचा. गुठळ्या मोडल्या की झाकण ठेवून वाफ. गोळा भांड्याची कड सोडून सराट्यामागं फिरू लागला, की बेसन शिजलं. इथंच घाई होते. कच्चं बेसन थापलं तरी ताटात वडी छान दिसते, पण रश्श्यात पडली की विरघळते. थापताना ताटाला तेलाचा हात, वर खोबऱ्याचा कीस, खसखस, सांबार म्हणजे कोथिंबीर. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये. गरम वडीच्या कडा फाटतात आणि तिथूनच रस्सा आत शिरतो.

रश्श्याला दहा माणसांमागं चार मोठे कांदे, वाटीभर सुकं खोबरं, दोन चमचे खसखस, आलं-लसूण आणि दीड वाटी तेल. कांदा-खोबरं चांगलं भाजून वाटायचं. धने, कलमी (दालचिनी), लवंग, मिरी, दगडफूल वेगळं भाजून कुटायचं. वाटण तेलात कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं. कंटाळून आधीच पाणी ओतलं, तर तर्री, म्हणजे रश्श्यावरचं लाल तेल, कधीच नीट येत नाही. तेल सुटल्यावर आच कमी करून कुटलेला मसाला आणि भिवापुरी मिरचीचं तिखट घालायचं. मोठ्या आचेवर ते जळतं, रस्सा कडू होतो. मग अडीच लिटर पाणी, उकळतंच. गार पाण्यानं शिजणं थांबतं आणि तेल वर यायला उशीर लागतो. पुढं वीसेक मिनिटं मंद आच, उगाच ढवळणं नाही.

तर्री वर तरंगते, म्हणून डबा हलला की झाकणातून पहिली तीच बाहेर येते. ती पळीनं काढून रबरी रिंगच्या छोट्या डबीत वेगळी द्यावी. खालच्या पुडात रस्सा काठापासून दोन बोटं खाली भरावा. उकळता रस्सा भरून लगेच झाकण दाबलं तर वाफ झाकण उचलते, म्हणून थोडं थांबूनच कडी लावावी. मधल्या पुडात कोरड्या पाटोड्या, वर फडक्यात भाकरी. पाटोडी रश्श्यात घालायची ती खाणाऱ्यानंच. बेसन रस्सा पीत राहतं, तासाभरानं वडी फुगते आणि रस्सा आटतो.

सायकल काळी, 28 इंची, जड कॅरिअरची. डबा हँडलला कधीच अडकवू नका. ब्रेक दाबला की तो पुढं झुलतो, वळणावर हँडल ओढतो. कॅरिअरवर फळी, तिच्यावर दुहेरी गोणपाट, आणि डबे जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं आवळलेले. सुतळी रस्त्यात ढिली पडते, ट्यूब ताणून धरते. मागच्या चाकात हवा ठणठणीत नको, अंगठ्यानं जोर दिल्यावर जरा दबेल इतकीच. नाहीतर प्रत्येक खडा डब्यापर्यंत पोचतो. पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, गेलात तर बाभळीचा काटा लागणारच. तो जागेवर उपटू नका. काटा आत असेपर्यंत हवा सहसा हळू जाते, तेवढ्यात डबे पोचतात. पावसाळ्यात मात्र पांदण सोडाच. काळी माती मडगार्डात गच्च बसली की चाक फिरत नाही. लांब पडला तरी डांबरी रस्ता बरा.

परत आलेल्या डबीची रबरी रिंग रोज काढून धुवा. तिच्या खाचेत तेल-मसाला राहतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या तर्रीला खवट वास लागतो.