ग्राइंडर घ्यायला आले होते

"सगळं कापणारं एकच मशीन द्या की ओ," असं म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या दुकानात नेहमीच येतं. आम्ही पॉवर टूल्स विकतो, दुरुस्तही करतो. पण गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका ठेकेदार अण्णांचं काम ऐकलं आणि मी त्यांच्याबरोबर थेट साइटवर गेलो.

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा एक बंद कारखाना उतरवायचा होता. यंत्रमाग आधीच भंगारात गेलेले. उरले होते सागवानी वासे, छपराला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलच्या कैच्या, जस्ताचा मुलामा दिलेले जीआय पाइप, वायरिंगचे पीव्हीसी पाइप आणि वर सिमेंटचे पन्हाळी पत्रे. अण्णांना चार इंची ग्राइंडर, म्हणजे हातात धरून कापायचं गोल चकतीचं मशीन, आणि त्याला लाकडाची दातेरी चकती हवी होती.

ती चकती ग्राइंडरसाठी मी कुणालाच देत नाही. ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. एखादा दात लाकडात अडकला की मशीन उसळून अंगावर येतं, आणि जुन्या वाशांत तर खिळेच खिळे.

"बरं, लोखंडापुरता तरी ग्राइंडर चालेल?" अण्णांनी विचारलं. मी शिडीवर चढून कैचीवर हात फिरवला. बोटांना रुईचा जाड थर लागला. मागावरून उडालेली ती रुई वर्षानुवर्षं प्रत्येक अँगलवर बसत आली होती. त्यातली चिमूटभर बाहेर नेऊन दगडावर ठेवली, काडी लावली. भस्सकन पेटली, क्षणात संपली. ग्राइंडरच्या ठिणग्या त्या छपराखाली उडाल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला सांगावं लागलं नाही.

मी सेबर सॉ सुचवला. त्याचं पातं गोल फिरत नाही, पुढे-मागे चालतं, त्यामुळे ठिणग्या जवळपास उडतच नाहीत. पण खरी निवड पात्याची. खिळ्यांच्या लाकडाला इंचात सहा ते दहा दातांचं बायमेटल पातं. पाठ लवचीक, दात हायस्पीड स्टीलचे, म्हणून खिळा आला तरी कापत जातं. तीन मिलिमीटर जाडीच्या अँगलला बारीक, २४ दातांचं. लोखंडाच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दात बसलेच पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. लोखंडावर वेग कमी, तेलाचा थेंब, आणि पुढची पट्टी मालाला घट्ट टेकवलेली. पट्टी सुटली की सगळं मशीन हातात थडथडतं. पीव्हीसी त्याच पात्यांवर निघतं.

आधी रुई झाडून घ्या, असं बजावलं आणि मग पत्र्यांकडे वळलो. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. त्याची धूळ छातीत गेली तर कॅन्सर होऊ शकतो, तोही कित्येक वर्षांनी. म्हणून ते कोणत्याच मशीनने कापायचे नाहीत. पत्र्यावर पाय द्यायचा नाही. खाली परांची बांधायची, पत्रे ओले करायचे, पत्रे धरून ठेवणारे हूकबोल्ट खालून कापायचे आणि पत्रा अख्खा उतरवायचा. "वेळ जाईल," अण्णा म्हणाले. जाईल, पण कामावरची पोरं त्यांचीच होती, आणि अण्णांनी ते मानलं.

निघताना त्यांनी पायाखालच्या शहाबादी फरशीचं विचारलं. ती सेबर सॉचं काम नव्हे. तिला डायमंड चकतीचा मार्बल कटर, पाणी सोडून चालवायचा. चार फरश्यांसाठी तो विकत कशाला, भाड्याने न्या म्हटलं.