आमची वाटचाल : पत्र्याच्या कामापासून दाबाच्या हिशेबापर्यंत

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात आमच्या व्यवसायाची सुरुवात पत्रा कापणे, रोल करणे आणि वेल्डिंग करणे अशा फॅब्रिकेशनच्या कामाने झाली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारे, धूळ ओढून नेणारे डक्ट आम्ही मिळालेल्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून देत असू. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, किती दाबाचा घ्यायचा हे ठरवणारे दुसरेच असत. डक्ट बसवून झाल्यावर शेकआउटच्या (साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढण्याच्या जागेच्या) हुडपाशी, म्हणजे धूळ ओढणाऱ्या तोंडाशी, पुरेशी ओढ मिळाली नाही, की मोठी मोटर घालावी हा एकच उपाय सुचवला जाई. आम्हाला मात्र त्याचे कारण मोटरपेक्षा डक्टच्या वळणांत अधिक दिसत होते, आणि म्हणून आम्ही तो हिशेब शिकायचे ठरवले.

सरळ डक्टमधील घर्षण काढून बेंड (वळण), टी (फांदीचा सांधा) आणि रिड्यूसर (व्यास कमी करणारा तुकडा) अशा फिटिंगसाठी त्यावर ठोक टक्केवारी चढवण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते, पण फौंड्रीतील डक्टला ती लावणे आम्हाला मान्य नाही. शेडमधील खांब, क्रेन आणि यंत्रे टाळत जाणाऱ्या डक्टमध्ये सरळ लांबी थोडी आणि वळणेच फार असतात, त्यामुळे प्रत्येक फिटिंगमधील दाबाची घट स्वतंत्रपणे काढावी लागते. हवेच्या वेगातून मिळणाऱ्या व्हेलॉसिटी प्रेशरला त्या फिटिंगच्या गुणांकाने (ते किती अडथळा करते हे सांगणाऱ्या, तक्त्यांत दिलेल्या आकड्याने) गुणले की दाबातील घट मिळते. फौंड्रीची धूळ वाटेत बसू नये म्हणून वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवावा लागतो आणि त्या वेगाला व्हेलॉसिटी प्रेशर सुमारे २४० पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे साधारण २४ मिलिमीटर भरते. एकच तिरका सांधा घालून केलेल्या काटकोनी बेंडचा गुणांक सुमारे १.२ असतो, तर मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या दीडपट ठेवून पाच तुकड्यांत केलेल्या बेंडचा सुमारे ०.२४. पहिल्या बेंडमध्ये २८८ पास्कल खर्च होतात, दुसऱ्यात ५८. सेकंदाला ५ घनमीटर हवा वाहणाऱ्या डक्टमध्ये तो पहिला बेंड चाळीस मीटरहून अधिक सरळ डक्टइतका दाब खातो, आणि फॅनची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर या दोन बेंडमधील फरक सतत पावणेदोन किलोवॅट वीज घेत राहतो. पाच तुकड्यांच्या बेंडला कापणी आणि वेल्डिंग जास्त लागते हे खरे, पण ती मजुरी एकदाच द्यावी लागते.

मुख्य डक्टला येऊन मिळणाऱ्या फांदीचेही असेच आहे. ती ३० अंशांत जोडली तर गुणांक सुमारे ०.१८ राहतो, ४५ अंशांत ०.२८ होतो आणि काटकोनात थेट १ वर जातो. तरीही जागा नाही म्हणून फांदी काटकोनात जोडण्याचा आग्रह आम्हाला वारंवार ऐकावा लागतो, आणि ड्रॉइंगवर हातभर जागा शोधून काढण्यात आमचा बराच वेळ जातो.

तक्त्यांतील गुणांक फिटिंगच्या मागेपुढे पुरेशी सरळ लांबी आहे असे गृहीत धरून दिलेले असतात. दोन बेंड एकमेकांना लागून आले तर त्यांची नुसती बेरीज भरवशाची राहत नाही. आणि ब्लोअरच्या तोंडाशीच बेंड असेल तर हवा पंख्यात वेडीवाकडी शिरून पंख्याचीच क्षमता घटते, जी बेंडच्या गुणांकात कुठेच दिसत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने हवेची घनता आम्ही सुमारे सहा टक्के कमी धरतो, आणि भट्टीवरून येणारी हवा गरम असेल तर आणखी कमी.

पुढे इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) थंड पाण्याच्या पाइपलाइनची कामे आमच्याकडे येऊ लागली. तेथे समतुल्य लांबीची, म्हणजे फिटिंगचा अडथळा तेवढ्याच अडथळ्याच्या सरळ पाइपच्या लांबीत मांडण्याची, रीत सोयीची पडते : पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह पाइपच्या व्यासाच्या सुमारे आठपट लांबीइतका अडथळा करतो, तर ग्लोब व्हॉल्व्ह सुमारे ३४० पट, म्हणजे तीन इंची पाइपला जवळजवळ २६ मीटर. जेथे पाणी फक्त सुरू किंवा बंद करायचे आहे, तेथे आम्ही ग्लोब व्हॉल्व्ह बसवत नाही.

आज आमच्या प्रत्येक कोटेशनसोबत फिटिंगनिहाय दाबाचा तक्ता जातो, आणि काम चालू झाल्यावर पिटो ट्यूब व मॅनोमीटर या हवेचा दाब मोजणाऱ्या साधनांनी घेतलेली मोजमापे आम्ही त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात भरून ग्राहकाच्या हाती देतो.