डेंग्यूच्या लशीला एवढा वेळ का?

पावसाळ्यात सोसायटीतल्या कुणाच्या तरी प्लेटलेट्स खाली येतात आणि हा प्रश्न मला विचारला जातो. मी विषाणूंच्या लशींवर काम करते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक आहे. ‘करोनाची लस वर्षभरात आली, मग डेंग्यूचंच काय अडलंय?’ परवा लिफ्टमध्ये एका काकूंनी विचारलं. त्यांचा नातू नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. तिसरा मजला येईपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. म्हणून इथे नीट सांगते.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. त्यानंतर वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला, तर जुनी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) नव्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं चिकटलेला विषाणू गिळतात आणि तो नेमका त्याच पेशींत वाढतो. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो, हे अमेरिकी संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकमधल्या मुलांच्या अभ्यासातून मांडलं. लशीने चारही प्रकारांपासून पुरेसं संरक्षण दिलं नाही, तर ती घेतलेल्या मुलाचा पहिलाच डेंग्यू दुसऱ्यासारखा वागू शकतो.

फिलिपिन्समध्ये हे घडलं. एप्रिल २०१६मध्ये तिथे शाळकरी मुलांना डेंग्वॅक्सिया ही सानोफी कंपनीची डेंग्यूची लस द्यायची सरकारी मोहीम सुरू झाली. आठ लाखांहून जास्त मुलांनी किमान एक डोस घेतला. नोव्हेंबर २०१७मध्ये सानोफी कंपनीनेच जाहीर केलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो. आधी होऊन गेलेल्यांना फायदाच होता, पण टोचण्यापूर्वी कुणाचं रक्त तपासलेलं नव्हतं. आपलं मूल यातल्या कुठल्या बाजूला आहे, हे आयांना कसं कळणार? त्या आयांचा विचार मनातून जात नाही. लशी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे म्हणणारे लोक तिथल्या पाहणीत २०१५मध्ये ९३ टक्के होते, २०१८मध्ये ३२ टक्के उरले. २०१९च्या सुरुवातीला गोवराची मोठी साथ आली. तिथलं लसीकरण आधीपासूनच घसरत होतं, त्यात या भीतीची भर पडली. गोवराच्या लशीचा काय दोष होता?

डेंग्वॅक्सियाचा सांगाडा पीतज्वराच्या लशीचा होता, डेंग्यूचं फक्त बाहेरचं आवरण त्यावर चढवलेलं. डेंग्यूची आतली प्रथिनं शरीराच्या टी-पेशींना, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशींना, दिसलीच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने दुसरी वाट धरली. डेंग्यूच्याच विषाणूच्या जनुकीय साखळीतली, शेपटाकडची ३० अक्षरं गाळून त्याला दुबळं केलं. त्या वाणांवर आधारलेल्या पॅनेशिया बायोटेकच्या एका डोसाच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये रोहतकला सुरू झाली. १०,३३५ प्रौढ आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. करोनाशी तुलना करणाऱ्यांना मी ही दोन वर्षं दाखवते. धोका दिसायला माणसाला पुन्हा डास चावावा लागतो आणि तोवर थांबावंच लागतं.

मला सगळ्यात आशा वाटते ती विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनातल्या एका इवल्या फासाची (लूपची). पेशीत शिरताना विषाणू तो वापरतो. चारही प्रकारांत तो जवळपास सारखाच असतो, म्हणून त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं चारही प्रकारांना चिकटतात. शरीर ती भरपूर बनवतं, पण त्यातली बरीचशी दुबळी असतात. तो फासच बदलला तर ती प्रतिपिंडं बनतच नाहीत. झिका हा डेंग्यूचाच भाऊबंद विषाणू. त्याच्या एमआरएनए लशीत (विषाणूचं प्रथिन बनवायची सूचना शरीराला देणाऱ्या लशीत) असा बदल केल्यावर उंदरांमध्ये पुढचा डेंग्यू बळावण्याचं प्रमाण घटलं, असं २०१७मध्ये दिसलं होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं.

काकूंना मी एवढंच म्हटलं, की नातवाला आता दुसऱ्या खेपेपासून जपायचंय. कुठल्याही नव्या लशीचे आकडे आले, की एकूण यशाची टक्केवारी मी नंतर पाहते. आधी उघडते तो लशीपूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्यांचा रकाना.