आमची वाटचाल : एक सरळ रेघ

पवनचक्क्या किती वीज देतील याचा अंदाज आधी कळवायचा आणि तो फार चुकला तर दंड, असे वीज नियामक आयोगाचे नियम २०१८ साली आले आणि साताऱ्यात भाड्याच्या गाळ्यात मी दोन संगणक मांडले. क्यूसीए म्हणजे मालकांच्या वतीने हा अंदाज कळवणारी संस्था, हे तेव्हा बँकेच्या मॅनेजरलाही सांगावं लागायचं. पहिलं गिऱ्हाईक इचलकरंजीचे सूतगिरणीवाले अण्णा. घसाऱ्यावरच्या करसवलतीसाठी त्यांनी वनकुसवड्याच्या पठारावर जुन्या पवनचक्क्या घेतलेल्या. पुढची दोन-अडीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते २२ जुलै २०२१ चं. पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या ती रात्र. आमच्या ६३ मेगावॅटच्या पूलिंग सबस्टेशनची, म्हणजे अनेक पवनचक्क्यांची वीज एकत्र येते त्या केंद्राची, लाइन पावणेबाराच्या सुमारास गेली. गाळ्यातल्या पडद्यावर मात्र ४१ मेगावॅट. तिथून आकडे पाठवणाऱ्या मोडेमने शेवटचा आकडा धरून ठेवलेला. रात्रपाळीचा पोरगा खूश, शेड्यूलही, म्हणजे आम्ही आधी कळवलेला अंदाजही, ४१ चंच होतं. पहाटे साडेपाचला मी आलो आणि ती रेघ बघून पोटात गोळा आला. वारा कधी सरळ रेघ काढत नाही. त्याचा वेग सेकंदाला आठ मीटरचा सहा झाला तरी वीज निम्म्याखाली येते, मग सहा तास आकडा हलत कसा नाही?

पंधरा-पंधरा मिनिटांचे तेवीस ब्लॉक गेले, वीज शून्य, प्रत्येकात क्षमतेच्या ६५ टक्के चूक. माफी तेव्हा पंधरा टक्क्यांपर्यंत होती. दर दीड तासाला शेड्यूल सुधारता यायचं. चार संधी तशाच गेल्या.

दंड मालकांनी भरायचा, हा रिवाज. पण आमच्या करारात ‘ठरावीक रकमेवरचा फरक क्यूसीए सोसेल’ असं कलम होतं. ते मी हौसेने घातलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने निम्म्या दरात तेच देऊ केलं होतं, म्हणून घालावं लागलं. त्याच कंपनीचा माणूस महिन्याभरात कोल्हापुरात मालकांना जेवायला घालून आमच्या त्या रात्रीचा तक्ता दाखवत होता. तो त्याच्याकडे गेला कसा, हे मला आजही कळलेलं नाही. दोन सबस्टेशनं त्यांच्याकडे गेली. बोलेरो विकली.

अण्णा राहिले. ते स्वतः पठारावर जाऊन सबस्टेशनचं लॉगबुक घेऊन आले. ऑपरेटरने पेन्सिलीने लिहिलेलं : ‘२३.४२ लाइन ट्रिप. फोन लागत नाही.’ अण्णा म्हणाले, “अंदाज तुझा चुकला नाही रे, तुझं यंत्र मेलं होतं आणि तुला पत्ता नव्हता.” कलम असूनही आपल्या वाट्याचा दंड त्यांनी भरला.

आता प्रत्येक मोडेमला दोन कंपन्यांची सिमं. सलग तीन वाचनं तंतोतंत सारखी आली की भोंगा वाजतो. आणि पहाटे पाचला ऑपरेटरला फोन : किती मशिनी बंद? उपलब्ध क्षमता मालक नेहमी फुगवून सांगतात, ऑपरेटर नाही. या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, अंदाजाचं महागडं मॉडेल नंतर घ्या, आधी ऑपरेटरच्या घरच्या लग्नाला जा. आणि दंडाची हमी कुणालाही लिहून देऊ नका, सासऱ्यालासुद्धा.

गेलेल्यातलं एक सबस्टेशन गेल्या पावसाळ्यात परत आलं. दुसरं अजून मुंबईवाल्यांकडे आहे. तिथल्या ऑपरेटरचा नंबर मी पुसलेला नाही.