तुम्ही विचारलंत म्हणून: जुलाब होत असताना बाळाला पाजावे का?

‘मला जुलाब होत आहेत, बाळाला अंगावर पाजू की नको?’ स्तनपानाविषयी मार्गदर्शन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पाजावे, हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते मी आधी स्वतः चुकून शिकले आहे. मुलगी तीन महिन्यांची असताना माझे पोट बिघडले, तेव्हा दूध बाधेल या धास्तीने मी तिला दिवसभर जवळ घेतले नाही. संध्याकाळी छाती दगडासारखी घट्ट झाली होती आणि मुलीचा रडून रडून आवाज बसला होता.

जुलाबाचे जंतू सहसा आईच्या आतड्यातच राहतात, दुधात उतरत नाहीत. उलट त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे मात्र दुधातून बाळाला मिळतात. बाळापर्यंत जंतू पोहोचतात ते बहुधा हातांवाटे. म्हणून शौचानंतर आणि बाळाला उचलण्यापूर्वी हात साबणाने, नखांच्या कडांपर्यंत, धुवावेत.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची, कारण दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि जुलाबातूनही पाणीच जाते. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे, आणि २४ तासांनी उरलेले पाणी टाकून द्यावे. मीठ अंदाजाने घालू नये, ते जास्त झाल्यास अपाय होतो. उलट्या होत असतील तर घोट घोट प्यावे. पाजायला बसतानाच पेला हाताशी ठेवावा. मांडीवर झोपलेले बाळ घेऊन उठणे कोणाच्याही जिवावर येते.

घरात उरलेली गोळी मनानेच घेणे मला मुळीच मान्य नाही. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड हे औषध दुधात अत्यल्प उतरते, तरी ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ते घेऊ नये, आणि पोट बिघडल्यावर घेतले जाणारे बिस्मथ सबसॅलिसिलेट हे औषध या काळात टाळलेलेच बरे. दुकानदाराला आणि डॉक्टरांना ‘मी अंगावर पाजते’ हे आधी सांगावे.

रक्त, तीव्र ताप, पाणीही न टिकणे, उभे राहताच चक्कर येणे, गडद आणि थोडी लघवी, किंवा दोन दिवसांनंतरही न थांबलेले जुलाब, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. दूध थोडे कमी वाटले तरी वारंवार पाजल्याने ते पुन्हा वाढते. तोवर बाळाच्या लंगोटांवर लक्ष ठेवावे. दिवसाला सहा किंवा अधिक ओले होत असतील तर त्याला पुरेसे दूध मिळते आहे. ओले लंगोट कमी झाले किंवा बाळ मलूल दिसू लागले, तर बाळालाही सोबत न्यावे.