हद्द कुणाची?

2021 सालची गोष्ट. माझा अशील विशीतला मुलगा, चेरोकी या अमेरिकी आदिवासी जमातीचा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या क्लेरमोरचा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल राज्याच्या कोर्टात त्याच्या तारखा चालू होत्या. 11 मार्चला राज्याच्याच फौजदारी अपील न्यायालयाने हॉग्नर खटल्यात निकाल दिला: चेरोकींचा राखीव प्रदेश अमेरिकी काँग्रेसने कधी रद्दच केलेला नाही. आदल्या वर्षी मॅकगर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालय मस्कोगी या दुसऱ्या जमातीबद्दल हेच म्हणालं होतं. राखीव प्रदेशातल्या आदिवासी माणसाच्या गुन्ह्याचा खटला राज्याचा नव्हे, तर केंद्राचा किंवा जमातीच्या कोर्टाचा; म्हणजे या मुलावर खटला चालवायचा अधिकार राज्याला नव्हताच. खटला रद्द करा म्हणून मी लगेच अर्ज टाकला.

सुनावणीला आदिवासी असल्याचा पुरावा म्हणून मुलाने पाकिटातून दोन कार्डं काढली. एक चेरोकी नेशनच्या, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या शासनाच्या, नागरिकत्वाचं. दुसरं केंद्र सरकारचं, कडा झिजलेलं, त्यावर अंगात आदिवासी रक्त किती ते सांगणारा अपूर्णांक छापलेला: 1/32. न्यायाधीशांनी आकडा मोठ्याने वाचून नोंदवून घेतला. मागच्या बाकावर त्याच्या आजीने मान खाली घातली. मला ते फार लागलं. चेरोकी नेशन स्वतः नागरिकत्वासाठी असा अपूर्णांक बघत नाही. केंद्र सरकारने शतकापूर्वी केलेल्या जमातीच्या लोकांच्या यादीत, डॉझ नोंदवहीत, पूर्वजाचं नाव असलं की तो माणूस त्यांचा.

राज्याचा खटला निकालात निघाला, पण मुलगा मोकळा सुटला नाही. सारा हिल तेव्हा चेरोकी नेशनच्या ॲटर्नी जनरल होत्या. राज्याच्या हातून निसटणारी प्रकरणं आपल्या कोर्टात दाखल करायची तयारी त्यांच्या कार्यालयाने निकालाआधीच सुरू केली होती. हद्द आपली म्हणायची तर तिथले गुन्हेही आपल्याच पदरात घ्यायचे, ही त्यांची भूमिका मला मनापासून पटली, समोरच्या बाजूची वकील असूनही. 2023 मध्ये त्या टल्सातल्या केंद्रीय न्यायालयावर नेमल्या गेल्या, ओक्लाहोमातल्या पहिल्या आदिवासी महिला केंद्रीय न्यायाधीश म्हणून.

मी चेरोकी कोर्टाची वेगळी सनद घेतली आणि चेरोकींची राजधानी टॅलेक्वाला गेले. तिथे पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने बनवलेली लिपी, आपल्यासारखीच अक्षरागणिक चिन्ह असलेली. गावात त्यांच्या जुन्या सर्वोच्च न्यायालयाची 1844 ची विटांची इमारत आहे. 1838-39 मध्ये लष्कराने हाकलून आणलेल्या, वाटेत हजारो माणसं गमावलेल्या लोकांनी पाच-सहा वर्षांत कोर्ट बांधलं! मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते.

मुलाने गुन्हा कबूल केला. प्रोबेशन आणि व्यसनमुक्तीचे उपचार ठरले. आजीने पर्समधून लिफाफा काढून त्याच्या मागच्या बाजूला पुढची तारीख लिहून घेतली आणि नातवाला म्हणाली, "गाडी मी चालवेन."